इंडेक्स असूनही अख्खे टेबल का वाचले जाते?

डेटाबेसवर काम करणाऱ्यांमध्ये एक प्रश्न कधी जुना होत नाही. कॉलमवर इंडेक्स आहे, क्वेरीत त्याच कॉलमची अट आहे, तरी डेटाबेस अख्खे टेबल वाचत बसतो, असे का? विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. डेटाबेस चुकतो आहे, त्याला इंडेक्स वापरायला भाग कसे पाडायचे तेवढे सांगा, असा एकूण सूर असतो.

गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर झालेले काम पाहिले, तर अशा तक्रारींचे तीन गट पडतात. काही वेळा डेटाबेस बरोबर असतो, कारण अख्खे टेबल वाचणेच खरोखर स्वस्त असते. काही वेळा क्वेरी अशी लिहिलेली असते की इंडेक्स वापरताच येत नाही. आणि काही वेळा किती ओळी निघतील याचा डेटाबेसचा अंदाज चुकलेला असतो. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र तिन्हींचे वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नको ते इंडेक्स साठत जातात आणि क्वेरी होती तिथेच राहते.

निवड डेटाबेसकडे कशी आली

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. नोंदीपर्यंत कोणत्या वाटेने जायचे ते प्रोग्रॅम लिहिणारा ठरवी, आणि ती वाट बदलली की प्रोग्रॅमही मोडे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले, त्यामागे हा त्रास होता. इंडेक्स येवोत वा जावोत, प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे आणायचे ते यंत्राने बघावे, ही वाटणी तिथून सुरू झाली.

त्याच सुमारास बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बी-ट्री घडवली. त्यांचा निबंध १९७२ साली छापून आला. आजही 'इंडेक्स' म्हटले की बहुतेक ठिकाणी हीच रचना अभिप्रेत असते. तिच्या एका पेजमध्ये, म्हणजे डिस्कवरून एकदम आणल्या जाणाऱ्या ठोकळ्यात, काही शे नोंदी मावतात, त्यामुळे झाड उंच न वाढता पसरत जाते. १ कोटी ओळींच्या टेबलात एखादी संख्यात्मक की शोधायला साधारण तीन पायऱ्या पुरतात. एक ओळ हवी असेल तर याहून चांगली वाट नाही, आणि त्याबद्दल वादही नाही. वाद सुरू होतो तो हजारो ओळी हव्या असतात तेव्हा.

त्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांचा १९७९चा निबंध आजच्या बहुतेक ऑप्टिमायझरांचा, म्हणजे डेटाबेसमधल्या वाट निवडणाऱ्या भागांचा, मूळपुरुष आहे. प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट घ्यायची, इतके त्याचे सूत्र सरळ होते. खर्चात दोन गोष्टी धरल्या होत्या, डिस्कवरून किती पेजेस आणावी लागतील आणि किती ओळींवर काम करावे लागेल. जिथे माहिती नव्हती तिथे ठोकताळे होते. इंडेक्स नसलेल्या कॉलमवर बरोबरीची अट असेल तर दहात एक ओळ जुळेल, 'यापेक्षा मोठे' असेल तर तीनात एक, 'या दोन्हींच्या दरम्यान' असेल तर चारात एक. अशा ठोकताळ्यांचे वंशज आजच्या डेटाबेसांतही सापडतात.

ओरॅकलमध्ये मात्र पुढे कित्येक वर्षे नियमांवर चालणारा ऑप्टिमायझर होता. त्याच्याकडे पंधरा वाटांची क्रमवारी होती आणि फुल टेबल स्कॅन, म्हणजे अख्खे टेबल वाचणे, तिच्यात शेवटच्या क्रमांकावर. इंडेक्स दिसला की वापरायचा, ओळी किती निघतील हे बघायचेच नाही. खर्चावर चालणारा ऑप्टिमायझर १९९२च्या ओरॅकल ७मध्ये आला, आणि १०जी आवृत्तीपासून जुन्या नियमांचा अधिकृत आधार काढून घेतला गेला. फुल स्कॅन म्हणजे गुन्हाच, ही समजूत त्या क्रमवारीला शोभणारी होती. क्रमवारी गेली, समजूत राहिली.

ओळी मोजू नका, पेजेस मोजा

आता हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. समजा, बँक व्यवहारांचे एक टेबल आहे. त्यात १ कोटी ओळी, प्रत्येक साधारण २०० बाइटची. पोस्टग्रेस या डेटाबेसचे पेज ८ किलोबाइटचे असते, म्हणजे एका पेजात ४० ओळी, एकूण २.५ लाख पेजेस, सुमारे २ जीबी. क्वेरीच्या अटीला १ टक्का, म्हणजे १ लाख ओळी जुळतात. इंडेक्स वापरावा की नाही?

१ टक्का ऐकून बहुतेक जण 'वापरावा' म्हणतील. पण डेटाबेस ओळ सुटी उचलत नाही, तिचे अख्खे पेज आणतो. १ लाख ओळी टेबलभर विखुरलेल्या असतील तर त्या सुमारे ८३ हजार पेजेसमध्ये सापडतील. शंभरात एक ओळ हवी होती, वाचावे लागले तीनात एक पेज, आणि तेही उड्या मारत. फिरत्या डिस्कवर अशा एका उडीला साधारण १० मिलिसेकंद धरले तर हे काम चौदा मिनिटांचे होते. तेच २ जीबी सलग वाचायला, सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने, चौदा सेकंदही लागत नाहीत.

पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये सलग पेजाचा खर्च १ आणि उडी मारून आणलेल्या पेजाचा ४ धरलेला आहे. खऱ्या डिस्कवर तफावत याहून खूप मोठी असते. उड्यांपैकी नव्वद टक्के पेजेस आधीच मेमरीत सापडतील असे गृहीत धरून हा चाराचा आकडा ठेवला आहे, असे पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात म्हटले आहे. या दरांनी आपल्या टेबलाचा हिशेब केला, तर साध्या इंडेक्स स्कॅनचा खर्च सुमारे ३.३ लाख येतो आणि फुल स्कॅनचा, प्रत्येक ओळ तपासण्याच्या खर्चासह, ३.७५ लाख. म्हणजे १ टक्क्यालाच दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या. सव्वा टक्क्यापर्यंत जाईतो फुल स्कॅन स्वस्त झालेला असतो.

आता त्याच टेबलात एकच गोष्ट बदला. अट दिनांकावर आहे आणि व्यवहार घडले त्याच क्रमाने ओळी लिहिल्या गेल्या आहेत. तेव्हाही जुळणाऱ्या ओळी १ लाखच, पण त्या एकापाठोपाठ एक बसलेल्या, जेमतेम २,५०० पेजेसमध्ये. इंडेक्स हसतखेळत जिंकतो, आणि १० टक्के ओळी मागितल्या तरी जिंकतच राहतो. ओळींच्या या मांडणीला पोस्टग्रेस 'कोरिलेशन' म्हणते, ओरॅकल 'क्लस्टरिंग फॅक्टर'. पाच टक्के, दहा टक्के, वीस टक्के अशा मर्यादा लोक तोंडपाठ सांगतात. एकाच टेबलावर मर्यादा सव्वा टक्क्यावरून इतकी वर सरकू शकत असेल, तर त्या पाठांतराला फारसा अर्थ उरत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या वर्तुळात किंबर्ली ट्रिप यांनी रूढ केलेला ठोकताळा त्यामानाने शहाणा आहे. तो ओळींची टक्केवारी विचारत नाही. जुळणाऱ्या ओळी टेबलाच्या एकूण पेजेसच्या पाव ते एकतृतीयांश संख्येपर्यंत पोचल्या की पारडे फिरते, असे तो सांगतो.

उलट टोकाला छोटी टेबले आहेत. राज्यांची किंवा शाखा-प्रकारांची यादी एकाच पेजात मावत असेल तर इंडेक्सचे पेज आधी उघडणे हाच जादा खर्च. तिथे फुल स्कॅन दिसला तर काही करायचे नसते.

दोन टोकांमधल्या वाटा

हा झगडा नेहमी दोघांतच असतो असे नाही. पोस्टग्रेसमध्ये २००५च्या ८.१ आवृत्तीपासून बिटमॅप स्कॅन आहे. पोस्टमन जसा टपाल कार्यालयातच पत्रे गल्लीवार लावून मग बाहेर पडतो, तसा हा स्कॅन आधी इंडेक्समधून पेजेसची यादी काढतो, ती टेबलातल्या क्रमाने लावतो आणि मगच टेबलाला हात घालतो. एका पेजाला पुन्हा पुन्हा भेट नाही, मागेपुढे उड्या नाहीत. वरच्या उदाहरणातली १ टक्क्याची क्वेरी पोस्टग्रेस प्रत्यक्षात बहुधा याच वाटेने नेईल. दोन वेगवेगळ्या इंडेक्सांच्या याद्या 'आणि' किंवा 'किंवा'ने जोडण्याची सोयही यातून मिळते.

दुसरी वाट म्हणजे टेबलाकडे न जाणे. क्वेरीला लागणारे सगळे कॉलम इंडेक्समध्येच असतील तर उत्तर तिथल्या तिथे मिळते. पोस्टग्रेसला हे २०१२च्या ९.२ आवृत्तीत जमू लागले, तेही अटीवर. ओळ सगळ्यांना दिसण्याजोगी आहे अशी खूण त्या पेजावर असली पाहिजे, आणि ती खूण व्हॅक्यूम ही साफसफाई चालल्यावर पडते. व्हॅक्यूम मागे पडला की 'इंडेक्स ओन्ली' नाव असलेला स्कॅनही टेबलात डोकावू लागतो.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत टेबल हेच प्रायमरी कीच्या क्रमाने लावलेले झाड असते. दुसऱ्या कोणत्याही इंडेक्समधून आधी प्रायमरी की मिळते आणि मग तिच्या झाडातून पुन्हा खाली उतरावे लागते. म्हणून तिथे लागणारे सगळे कॉलम सामावणाऱ्या इंडेक्सचा फायदा जास्त जाणवतो. याच मायएसक्यूएलच्या एक्स्प्लेनमध्ये, म्हणजे निवडलेली वाट दाखवणाऱ्या आदेशात, एक चकवा आहे. 'टाइप'च्या रकान्यात 'इंडेक्स' लिहून आले की लोक सुखावतात. त्याचा अर्थ अख्खा इंडेक्स टोकापासून टोकापर्यंत वाचला, असा असतो. हवे असते ते 'रेफ' किंवा 'रेंज'.

क्वेरीच दार लावून घेते तेव्हा

दुसऱ्या गटात डेटाबेसला निवड करायची संधीच मिळत नाही. इंडेक्स कॉलमच्या किमतीवर लावलेला असतो. अटीत त्या कॉलमवर फंक्शन चढवले की लावलेला क्रम कामाला येत नाही. दिनांकातून वर्ष काढून ते २०२४ आहे का असे विचारले, तर डेटाबेस प्रत्येक ओळीचे वर्ष काढत बसतो. १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५च्या आधीपर्यंत, असे लिहिले की तोच इंडेक्स चालतो. फंक्शन टाळता येत नसेल तर त्या फंक्शनवरच इंडेक्स करता येतो; पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये ही सोय जुनी आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१३ पासून.

प्रकारांची गल्लतही अशीच महागात पडते. मोबाइल नंबर मजकूर म्हणून साठवला आणि क्वेरीत अवतरणचिन्हांशिवाय आकडा म्हणून लिहिला, तर मायएसक्यूएल इंडेक्स सोडून देते. कारण योग्य आहे: एकाच आकड्यात रूपांतर होऊ शकणारे मजकूर अनेक असतात, आणि इंडेक्समध्ये ते वेगवेगळ्या जागी बसलेले असतात. पोस्टग्रेस अशी तुलनाच नाकारून एरर देते. तेवढ्यापुरता राग येतो, पण चूक पहिल्या दिवशी कळते.

मराठी नावे साठवणाऱ्यांच्या वाट्याला आणखी दोन अडचणी येतात. 'कुल'ने सुरू होणारी आडनावे शोधायची म्हटली, तर आपल्याला वाटते इंडेक्स वर्णक्रमाने लावलेला आहेच. पण पोस्टग्रेसमध्ये भाषेनुसार क्रम लावणारे कोलेशन असेल तर साधा बी-ट्री इंडेक्स अशा 'लाइक' शोधाला चालत नाही. त्यासाठी 'टेक्स्ट पॅटर्न ऑप्स' सांगून वेगळा इंडेक्स करावा लागतो. दुसरी अडचण कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांची. त्यातला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये स्वतंत्र 'ऱ' वापरून लिहिता येतो, तसाच साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखे, साठवणीत वेगळे. मग शोधताना दोन्ही एकसारखे करणारे फंक्शन अटीत घातले जाते आणि इंडेक्स बाद होतो. हे एकसारखेपण नोंद करतानाच साधले, तर शोधताना काहीच करावे लागत नाही.

जोड-इंडेक्समध्ये कॉलमांचा क्रम महत्त्वाचा. शाखा आणि मग दिनांक अशा इंडेक्सवर नुसत्या दिनांकाची अट आली तर तो नेहमीच्या पद्धतीने निरुपयोगी ठरतो. पहिल्या कॉलमच्या किमती मोजक्या असतील तर एकेका किमतीवर उडी मारत जाण्याची युक्ती, म्हणजे स्किप स्कॅन, ओरॅकलने ९आय आवृत्तीत आणली. पोस्टग्रेसमध्ये ती २०२५ साली १८व्या आवृत्तीत पोचली. शब्दाच्या मधला तुकडा शोधणाऱ्या 'लाइक'ला मात्र साध्या बी-ट्रीचा उपयोगच नाही. तिथे तीन-तीन अक्षरांचे तुकडे साठवणारा ट्रायग्रॅमसारखा निराळ्या जातीचा इंडेक्स लागतो.

अंदाज चुकतो तेव्हा

तिसरा गट सर्वांत त्रासाचा, कारण क्वेरी निर्दोष असते आणि खर्चाचे सूत्रही बरोबर असते. चुकतो तो सूत्रात घातलेला आकडा. पोस्टग्रेसचे ॲनालाइझ मूळ सेटिंगमध्ये सुमारे ३०,००० ओळींचा नमुना घेते आणि त्यातून वारंवार येणाऱ्या किमती, बाकीच्यांचा हिस्टोग्रॅम आणि वेगळ्या किमतींची संख्या नोंदवते. टेबल १ कोटीचे असले तरी नमुना तेवढाच. शिवाय आपोआप होणारे ॲनालाइझ टेबलाचा दहावा हिस्सा बदलल्यावर जागे होते. आपल्या टेबलात १० लाख नव्या ओळी पडेपर्यंत आजच्या तारखेची आकडेवारीत नोंदच नसेल, आणि आजचे व्यवहार मागणाऱ्या क्वेरीचा अंदाज मूठभर ओळींचा निघेल.

दोन अटी एकमेकींशी बांधलेल्या असल्या तर चूक गुणाकाराने वाढते. शहर पुणे आणि पिनकोड ४११०३० या दोन अटी डेटाबेसला स्वतंत्र वाटतात, म्हणून तो दोन्हींचे प्रमाण गुणून टाकतो. प्रत्यक्षात तो पिनकोड पुण्याचाच असल्याने पहिली अट काहीच गाळत नाही. पोस्टग्रेस १०पासून अशा कॉलमांच्या जोडीची आकडेवारी सांगून गोळा करता येते. सांगणारा मात्र माणूसच लागतो.

किमतींचे वाटप विषम असते तेव्हा आणखी एक पेच पडतो. व्यवहारांची स्थिती ९९ टक्के 'पूर्ण' आणि १ टक्का 'प्रलंबित' असेल, तर एकाच क्वेरीला दोन वेगळ्या वाटा योग्य आहेत. पण योजना एकदा बनवून पुन्हा पुन्हा वापरायची असेल, तर पहिल्या वेळी आलेल्या किमतीवर सगळे ठरते. एसक्यूएल सर्व्हरची मंडळी याला 'पॅरामीटर स्निफिंग' म्हणून ओळखतात, ओरॅकलने ११जीमध्ये त्यावर जुळवून घेणारे कर्सर आणले. 'प्रलंबित' ओळींपुरता आंशिक इंडेक्स करणे हा इथला अनेकदा सर्वांत साधा उपाय ठरतो.

चुकीच्या अंदाजाने नेहमी फुल स्कॅनच होतो असेही नाही. इंडेक्स नको तिथे वापरला जातो. अट, क्रम आणि पहिल्या दहा ओळींची मर्यादा अशी क्वेरी घ्या. क्रमाच्या इंडेक्सवरून चालत गेलो की जुळणाऱ्या दहा ओळी लवकर भेटतील, असा डेटाबेस हिशेब करतो, कारण त्या सगळीकडे सारख्या पसरल्या आहेत असे तो धरतो. त्या सगळ्या दुसऱ्या टोकाला असतील तर इंडेक्सवरून उड्या मारत जवळजवळ अख्खे टेबल वाचले जाते. तिथे फुल स्कॅन परवडला असता, पण त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण योजनेत 'इंडेक्स' हा शब्द दिसत असतो.

यंत्र बदलले, आणि संशोधनही

एसएसडीने उडीचा दंड खूप कमी केला. एका उडीला ०.१ मिलिसेकंद धरले तर आपली ८३ हजार पेजेस आठ-नऊ सेकंदांत येतात. म्हणून अनेक जण पोस्टग्रेसमधला चाराचा आकडा १.१ पर्यंत खाली आणतात. पण सलग वाचनही त्याच काळात वेगवान झाले आहे, आणि विश्लेषणाच्या डेटाबेसांनी तर उलटी दिशा धरली. २००५च्या 'सी-स्टोअर' निबंधानंतर कॉलमवार साठवणूक रुळली. रेडशिफ्टसारख्या व्यवस्थेत नेहमीचे इंडेक्स नाहीतच. प्रत्येक ठोकळ्यातली लहानात लहान आणि मोठ्यात मोठी किंमत लिहून ठेवायची आणि नको ते ठोकळे न वाचताच सोडायचे, हा तिथला मार्ग. पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीतला ब्रिन इंडेक्स हेच करतो, आणि क्रमाने लिहिलेल्या दिनांकासारख्या कॉलमवर अगदी थोड्या जागेत भागवतो.

संशोधकांनी या निवडीची चिकित्सा अनेक बाजूंनी केली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटाने 'पिकासो' हे साधन बनवले. अटींचे प्रमाण बदलत नेले की ऑप्टिमायझर कुठे कोणती योजना निवडतो, याचे ते रंगीत नकाशे काढते. २००५ सालच्या निबंधात या नकाशांतली गुंतागुंत त्यांनी दाखवली, आणि यातल्या बऱ्याच योजना गाळल्या तरी फारसे नुकसान होत नाही हेही. व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली सिनेमांच्या खऱ्या माहितीवर प्रयोग केले. खर्चाच्या सूत्रापेक्षा ओळींच्या अंदाजातली चूक कितीतरी जास्त भोवते, हा त्यांचा निष्कर्ष. आणि इंडेक्स जितके जास्त, तितकी ऑप्टिमायझरला चुकायला जागा जास्त, हेही त्यांना दिसले. त्याच वर्षीच्या 'स्मूथ स्कॅन'ने तर आधी निवड करणेच टाळले: सुरुवात इंडेक्सने करायची आणि ओळी अपेक्षेपेक्षा जास्त निघू लागल्या की हळूहळू सलग वाचनाकडे सरकायचे. २०१७ साली हार्वर्डच्या गटाने मेमरीतल्या डेटाबेसांसाठी निवडीचे सूत्र नव्याने मांडले. एकाच वेळी किती क्वेरी तेच टेबल वाचत आहेत हेही त्यात धरले. अनेकांनी एकच स्कॅन वाटून घेतला तर तो प्रत्येकाला स्वस्त पडतो.

मग तपास कुठून सुरू करायचा

या सगळ्यातून रोजच्या कामासाठी एक क्रम निघतो. पहिल्यांदा 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' चालवून अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवाव्यात. दोन्हींत दहापट, शंभरपट अंतर असेल तर तक्रार तिसऱ्या गटातली. तेव्हा आकडेवारी ताजी करणे, नमुना वाढवणे किंवा जोडीची आकडेवारी गोळा करणे हे उपाय. नवा इंडेक्स नव्हे. आकडे जुळत असतील तर अट इंडेक्सला चालण्याजोगी लिहिली आहे का ते बघावे. तीही तशी असेल तर पोस्टग्रेसमध्ये आपल्या एका सेशनपुरता फुल स्कॅन नामंजूर करून दोन्ही वाटांचा खरा वेळ मोजता येतो. इंडेक्सची वाट खरोखर वेगवान निघाली तर खर्चाचे दर यंत्राशी जुळवून घ्यावेत. ती हळू निघाली तर डेटाबेस बरोबर होता.

हिंट देऊन इंडेक्स लादणे सर्वांत शेवटी. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ती सोय आहे, पोस्टग्रेसच्या मुळात नाही. हिंट आजच्या ओळींवर बेतलेली असते आणि टेबल वाढले तरी ती तशीच राहते. शिवाय प्रत्येक नवा इंडेक्स प्रत्येक नव्या ओळीबरोबर लिहावा लागतो, जागा खातो, मेमरीतून दुसऱ्याला हुसकावतो. कोणताही इंडेक्स मागण्याआधी तो कोणत्या क्वेरीची किती पेजेस वाचवणार, हे कागदावर मांडून पाहावे. तो आकडा सांगता येत नसेल, तर अजून तपास पुरा झालेला नाही.